आधी गाडी, मग मांडणी



गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘साहेब, जुनी मारुती व्हॅन स्वस्तात मिळतेय. मागचे बाक काढून मांडणी बसवावी आणि भाजी थेट गिऱ्हाइकाच्या दारात न्यावी, कसे?’ विचार उत्तम आहे. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, तेव्हापासून ही वाट मोकळी आहे. पण गाडीच्या बाबतीत बहुतेक जण पेरणी आधी आणि नांगरट मागून करतात. त्यात एकदा माझाही हात होता, म्हणून हे लिहितो.

आमच्या भागातल्या एका जोडप्याने अशी व्हॅन घेतली. पैसे वहिनींच्या बचत गटाच्या कर्जाचे. मला बोलावले, मी मांडणीचा आराखडा पाहिला आणि ‘छान’ म्हणून चहा पिऊन परत आलो. गाडीखाली वाकून पाहिले नाही. त्यांनी बावीस हजार रुपये लोखंडी मांडणी, रंग आणि वर ताडपत्रीच्या छपरावर घातले. आठव्या दिवशी टोमॅटोचे चौदा क्रेट आणि मेथीचे गठ्ठे घेऊन घाट चढताना क्लच घसरू लागला, जळका वास सुटला, पाणी उकळले. गाडी दुपारभर उन्हात उभी. मेथी तर गेलीच. पुढे गॅरेजमध्ये कळले, की मांडणीचा एक पाय गंजलेल्या तळपत्र्यातून आरपार गेला आहे. वेल्डिंग केलेली सगळी मांडणी कापून काढावी लागली. गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. वहिनींनी दोन महिने दुधाच्या पैशांतून तो भरला.

तेव्हा रंगाचा डबा आणण्याआधी काय पाहायचे ते सांगतो. यातले बरेचसे घरीच पाहता येते.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नको, तोंड भाजेल) आणि मग गाडी चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर हेडच्या गॅस्केटवर संशय घ्या. ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते.

क्लचची परीक्षा मोकळ्या जागेत करा. हँडब्रेक घट्ट ओढा, समोर कोणी नाही ना ते पाहा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडायला हवे. ते तसेच गुरगुरत राहिले, तर प्लेट झिजली आहे. ब्रेकचे पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. याला उद्यावर टाकू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दोन वर्षांनी बदलावेच.

मग गोणपाट अंथरून गाडीखाली शिरा. तळपत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. जिथे टोक आत जाते तो पत्रा कापून नवा बसवायचा, नुसता रंग लावून झाकायचा नाही. सरकत्या दाराची पट्टी, मागचे पाटे आणि शाफ्टचे क्रॉसही पाहा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढून ठेवा आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते मिस्त्रीला आवर्जून दाखवा. घाईत ही गोष्ट राहून जाते.

आता वजनाचा हिशेब. तो कोणीच करत नाही. ही गाडी पाच माणसांची, म्हणजे ढोबळमानाने सव्वातीनशे किलोची. २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल मीटरला १.१ किलो भरतो. साठ मीटरची मांडणी म्हणजे ६६ किलो झाले. पुढे बसणारी दोन माणसे १३० किलो. उरले सुमारे १३० किलो, म्हणजे टोमॅटोचे जेमतेम पाच क्रेट! बाक काढल्याने फार तर एखादा वाढेल. आमच्या जोडप्याने चौदा चढवले होते. म्हणून मांडणी हलकी करा, ती नटबोल्टने बसवा, टोमॅटो-बटाटा खाली आणि पालेभाजी वर ठेवा.

कागदांचेही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, नूतनीकरण ५ वर्षांचे मिळते. त्यामुळे पुस्तकातली तारीख पाहूनच सौदा करा. गाडीत असा बदल करायचा आणि ती धंद्यासाठी चालवायची, तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आर.टी.ओ.ची परवानगी आधी घ्यावी लागते. नंतर त्याची नोंद पुस्तकात करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

त्या जोडप्याची व्हॅन आता नीट चालते. क्लच प्लेट, गॅस्केट आणि तळपत्रा नवा, मांडणी बोल्टची. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन फेऱ्या होतात. परवा वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, आता तरी खाली वाकून बघा.’ मी गुडघे धरत वाकलो आणि पाहिले. मागच्या पाट्याचा एक बोल्ट ढिला निघाला.