किम नोव्हाक यांची कैफियत

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५८ सालच्या 'व्हर्टिगो'ला 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने २०१२ साली घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात सर्वश्रेष्ठ चित्रपटाचा मान मिळाला. परंतु त्यातील नायिका किम नोव्हाक यांच्यावर काष्ठवत् अभिनयाचा जो ठपका आरंभीच आला, तो अद्यापि पुरता पुसला गेलेला नाही. तो ठपका सर्वथा अन्यायाचा आहे, असे माझे निश्चित मत आहे.

कथेतील रहस्य सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. पत्नीचा खून पचवण्यासाठी गॅव्हिन एल्स्टर हा धनिक जूडी नावाच्या, कॅन्ससहून सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या सामान्य मुलीला पत्नीचे, म्हणजे मॅडलीनचे, सोंग घ्यायला लावतो, आणि उंचीच्या भयाने नोकरी सोडलेला गुप्तहेर स्कॉटी त्या सोंगावरच जीव जडवून बसतो. तेव्हा पूर्वार्धात आपण पाहतो ती मॅडलीनची बतावणी करणारी जूडी होय. तिची तोलून टाकलेली पावले, पढवल्यासारखी वाक्ये, करड्या पोशाखात जखडलेली मान, हा सारा एल्स्टरच्या शिकवणीचा दस्तऐवज आहे. सान ह्वान बाउतिस्ता या गावी, चर्चच्या मनोऱ्याकडे धावण्यापूर्वी, हे असे घडायला नको होते असे ती कळवळून सांगते, तेव्हा प्रथमदर्शनी ते एका भ्रमिष्ट स्त्रीचे बोलणे वाटते. परंतु उत्तरार्धातील जूडीचे पत्र, जे ती लिहिते आणि फाडून टाकते, ज्याने पाहिले आहे, त्याला त्याच शब्दांत फसवणुकीच्या कामावर नेमलेल्या, पण ज्याला फसवायचे त्याच्यावरच प्रेम करून बसलेल्या मुलीचा खरा आक्रोश ऐकू येतो. एकाच मुद्रेत दोन स्त्रिया वठवण्याचे हे कसब मला अत्यंत दुर्लभ वाटते.

मॅडलीन मेली असे समजून बसलेल्या स्कॉटीला पुढे जूडी भेटते; तिला मॅडलीनसारखी घडवण्यासाठी तो तिच्या केसांचा रंगही बदलायला लावतो, आणि केवळ त्याचे प्रेम लाभावे म्हणून ती पुन्हा तेच सोंग पत्करते. त्या वेळचा तिचा विरोध आणि तिची शरणागती दोन्ही नोव्हाक यांच्या डोळ्यांत एकदम उमटतात. मेरिलिन हे त्यांचे जन्मनाव स्टुडिओने बदलले होते, आडनाव मात्र त्यांनी आग्रहाने राखले होते. परक्याच्या इच्छेनुसार घडवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती.

ऑस्करच्या नामांकनांत या चित्रपटाचे कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांची नोंद झाली; नोव्हाक यांच्या अभिनयाची झाली नाही.