समसमान मते आणि अध्यक्षांचे दुसरे मत

पावसाळा सरत आला म्हणजे आमच्या गावोगावच्या वाचनालयांच्या, शिक्षणसंस्थांच्या व सहकारी मंडळ्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या पाठोपाठ नव्या कार्यकारी मंडळाने आपला अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार निवडण्याचाही. बहुतेक ठिकाणी हे काम चहा निवण्याच्या आत उरकते. परंतु जेथे मंडळात सरळ दोन तट पडलेले असतात तेथे दोघां उमेदवारांस सारखीच मते पडतात, आणि मग पुढे काय करावे हे कोणासच ठाऊक नसते. सभासदांची संख्या विषम ठेवली म्हणजे हा प्रसंग टळतो असे समजणारे भोळे आहेत. अकरांपैकी एक गृहस्थ नेमके त्याच दिवशी आजारी पडतात. संस्थेची घटना उघडून पाहावी तर तीत एवढेच सापडते की, मते समसमान पडल्यास अध्यक्षांस एक निर्णायक मत राहील. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीपुरती तरी ही ओळ घटनेतून काढून टाकली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निर्णायक मताची ही चाल आपण इंग्रजांच्या पार्लमेंटापासून उचलली; पण उचलताना तिचे अर्धे अंग तेथेच राहिले. तेथील कॉमन्स सभेचा स्पीकर मुळात मत देतच नाही. मते सारखी झाली तरच देतो, आणि तेही मनास येईल तसे नव्हे. स्पीकर डेनिसन ह्यांनी १८६७ साली स्पष्ट करून ठेवलेल्या पायंड्याप्रमाणे, ज्या गोष्टीस सभेचे बहुमत मिळाले नाही ती आपल्या एकट्याच्या मताने घडवून आणावयाची नाही, असे बंधन तो पाळतो. आपल्या राज्यघटनेच्या १०० व्या अनुच्छेदानेही सभापतीस पहिले मत दिलेले नाही. आमच्या संस्थांतील अध्यक्ष मात्र प्रथम सभासद म्हणून हात वर करतात, आणि बरोबरी झाली की अध्यक्ष म्हणून तोच हात पुन्हा वर करतात! समानतेच्या नावाने चालणाऱ्या सभेत एका गृहस्थास दोन मते कोणत्या न्यायाने मिळावीत?

ठरावाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. ठराव नापास झाला तर पूर्वस्थिती कायम राहते, आणि अध्यक्षाने तिच्या बाजूने मत दिले तर कोणाचे फारसे बिघडत नाही. निवडणुकीत अशी पूर्वस्थिती कोठे आहे? एक तर खुर्ची रिकामी राहणार, नाही तर जुनेच पदाधिकारी मुदत संपूनही तिच्यावर बसून राहणार. शिवाय त्या सभेच्या अध्यक्षस्थानी असतो कोण? बहुधा मावळता अध्यक्ष, आणि पुष्कळदा तोच पुन्हा उमेदवार! इंग्लंडातील स्थानिक कारभाराच्या १९७२ च्या कायद्याने कौन्सिलाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीतही सभा चालविणाऱ्यास आपल्या मताखेरीज आणखी एक निर्णायक मत दिले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु विलायतेत आहे म्हणून ते निर्दोष आहे असे मानण्याचे दिवस केव्हाच गेले.

अशा रीतीने निवडून आलेल्या अध्यक्षाचा अधिकार हरलेला तट मनाने कधीच मान्य करीत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे पदाधिकाऱ्यांत झालेला बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कचेरीस कळवावा लागतो. तंटा झाला म्हणजे दोन्ही तट आपापले बदल अर्ज घेऊन तेथे जातात, आणि तारखांवर तारखा पडू लागतात. तोवर बँक धनादेशावर कोणाची सही मानावी हे विचारीत बसते, शिक्षकांचे पगार तुंबतात, आणि वाचनालयात नवे पुस्तक येत नाही. ह्यात वाचकाचा किंवा विद्यार्थ्याचा काय अपराध?

मग करावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५ व्या कलमान्वये मते समान झाल्यास चिठ्ठी टाकावी, व जिच्यावर चिठ्ठी पडेल त्या उमेदवारास एक मत अधिक मिळाले असे धरावे. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात श्री. सुरेंद्र बागलकर व श्री. अतुल शहा ह्या दोघांसही ५,९४६ मते पडली, आणि चिठ्ठीने श्री. शहा निवडून आले. शिवसेनेस ८४ व भाजपास ८२ जागा मिळालेल्या त्या निवडणुकीत एका जागेचे मोल केवढे होते! तरी निवडणूक अधिकाऱ्याने आपल्या पसंतीने ती कोणास द्यावी असे कोणी सुचविले नाही.

येथे आमचे काही वाचक आम्हांसच बोल लावतील. शकुन, मुहूर्त आणि कौल ह्यांची थट्टा करणारे तुम्ही, आणि आज सार्वजनिक काम दैवाच्या हाती सोपविता काय? आक्षेप बिनतोड दिसतो खरा. पण कौल लावणारा देवाची इच्छा विचारीत असतो. चिठ्ठी टाकणारा माणसाची इच्छा बाजूस सारीत असतो. दोघेही उमेदवार सभेस सारखेच मान्य आहेत हे मतांनीच सिद्ध झाले असता, त्यांतून एक निवडण्यास निःपक्षपातीपणाखेरीज दुसरी कोणती योग्यता लागते? तामिळ देशात उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील चोळांचे शिलालेख आहेत. तेथील तळ्याची व बागांची व्यवस्था पाहणाऱ्या समित्यांचे सभासद, नावांची ताडपत्रे घड्यात घालून व एका लहान मुलाकडून ती काढवून, नेमले जात. मात्र घड्यात वाटेल त्याचे नाव पडत नसे; पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र ठरे. योग्यतेची पारख माणसांनी केली, आणि शेवटची निवड तेवढी घड्यावर ठेवली. ह्यास दैववाद म्हणवत नाही.

मुदत अर्धी अर्धी वाटून घ्यावी, हा तोडगा हल्ली फार लोकप्रिय आहे. पहिला अर्धा भाग सुखाने जातो. दुसऱ्याच्या आरंभी राजीनामा देण्याची आठवण कोणास राहत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीपुरते अध्यक्षस्थान उमेदवार नसलेल्या सभासदाकडे असावे, व त्यास दुसरे मत नसावे. मते समान पडल्यास अर्ध्या तासाने गुप्त मतदान पुन्हा एकदाच घ्यावे. कारण पुष्कळदा उघड हात वर करण्याच्या संकोचानेच बरोबरी झालेली असते. तरीही मते सारखीच पडली तर एकाच कागदाच्या दोन चिठ्ठ्या दोन्ही उमेदवारांस दाखवून, मताधिकार नसलेल्या इसमाकडून एक काढवावी, आणि ही सर्व हकीकत इतिवृत्तात लिहून त्यावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. ज्या मंडळांत आज एकोपा आहे त्यांनीच ही दुरुस्ती प्रथम आणावी. तट पडल्यावर नियम करू गेल्यास त्यातील प्रत्येक शब्दावर कोणाचे तरी नाव दिसू लागते. घटनादुरुस्तीची सूचना सभेपूर्वी ठरलेल्या मुदतीत कार्यवाहांकडे द्यावी लागते, तेव्हा ज्यांस ती पटत असेल त्यांनी सभेच्या दिवसाची वाट न पाहता ह्याच आठवड्यात लेखी पाठवावी.