पाट सर्वांचा, कुलूप कंपनीचे

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल संच परत केले. २०१९ साली मिळालेले हे संच दोन वर्षांतच अडखळू लागले होते. स्मृती तोकडी, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी, वर ‘पोषण ट्रॅकर’ची इंग्रजी. बायकांना नवे तंत्र जमत नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणारे सुशिक्षित माझ्याही ओळखीचे आहेत. सारा दोष जुन्या आज्ञावलीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक पैशाने घेतलेले यंत्र किती वर्षे चालावे हे कोणी ठरवायचे, हा मालकीचा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही. आपणही नाही.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स हे कर्नेल असते. यंत्राचे भाग आणि वरच्या आज्ञावल्या यांना जोडणारा हा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तो आरंभिला आणि १९९२ साली जीपीएल परवान्याखाली खुला केला. पुढे तो हजारो हातांनी घडला. त्यांत कंपन्यांचे पगारी अभियंतेही आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परवान्याची अट अशी की, कर्नेल कोणीही वापरावे, बदलावे; मात्र दुसऱ्यास देताना त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोडही, उपलब्ध करावा. नाशिक-धुळ्याकडील फड बागायतीत ज्याचा पाण्यावर वाटा, त्याच्यावर पाटाच्या देखभालीचा भार. ही रीत ठाऊक असलेल्यास जीपीएल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

या अटीचे मोल फोन जुना झाला की कळते. नवी आवृत्ती आणणे असो वा सुरक्षेतील छिद्र बुजविणे असो, अनेकदा कर्नेलला हात घालावा लागतो. संहिता खुली असेल तर उत्पादकाने सोडलेले काम दुसरा कोणी पुढे नेऊ शकतो. फेअरफोन या लहानशा डच कंपनीचा २०१५ सालचा फोन २०२३ पर्यंत सुधारणा घेत राहिला. त्यातील चिपचा पाठिंबा चिपवाल्या कंपनीने केव्हाच थांबविला होता. लिनेजओएसच्या स्वयंसेवकांचे काम येथे उपयोगी पडले.

मग आपल्या फोनांचे असे का होत नाही? कारण अनेक कंपन्या संहिता उशिरा वा अर्धवट देतात, चिपचे काही भाग बंदच ठेवतात आणि फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरला कुलूप घालतात. इंदिरानगरातला दुरुस्तीवाला पडदा बदलतो, बॅटरी बदलतो. या कुलपापुढे त्याचे कसब थांबते. धडधाकट यंत्र भंगारात जाते आणि मजुराच्या घरी नवा हप्ता सुरू होतो. कुलूप सुरक्षेसाठी आहे म्हणे! विक्रीच्या दिवशी ते मान्य करू. सुधारणाच बंद केल्यावर ते कोणाचे रक्षण करते, नफ्याखेरीज?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला आहे. विक्री थांबल्यावरही पाच वर्षे सुधारणा विनामूल्य मिळाव्यात, हा त्याचा रोख. आपल्याकडे २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ निघाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. परंतु एकगठ्ठा खरेदी करणाऱ्या शासनाला कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. निविदेत एक कलम घालणे पुरेसे आहे. कर्नेलची संपूर्ण संहिता खरेदीबरोबरच हाती यावी, आणि कंपनीने पाठिंबा थांबविला त्याच दिवशी कुलपाची किल्लीही. अंगणवाडी संघटनांनी मानधनवाढीच्या मागणीशेजारी ही मागणी लिहावी. आपल्या कार्यकर्त्यांनी पुढील खरेदीची निविदा निघताच माहितीच्या अधिकारात तिची प्रत मागवावी.