वारंग्याचा फाटा, पंचक्रोशीची पेठ

नांदेडहून हिंगोलीची किंवा यवतमाळची एसटी धरली की आधी अर्धापूर मागे पडतं. मग केळीच्या बागा आणि हळदीची रानं लागतात, आणि चाळीसेक किलोमीटर झाले की कंडक्टरची हाळी येते, "चला, वारंगा फाटा!" कुणाला हदगाव-उमरखेडची गाडी बदलायची असते, कुणाला आखाडा बाळापूर-कळमनुरीची. पण उतरणाऱ्यांतल्या अनेकांना पुढे कुठेच जायचं नसतं. घडी घातलेली रिकामी पिशवी काखेत, बिघडलेल्या पंपाचा सुटा भाग फडक्यात गुंडाळलेला, सोबत शाळेचे बूट घ्यायचे म्हणून आणलेलं पोरगं. ही माणसं बाजाराला आलेली असतात.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातला हा फाटा म्हणजे दोन राष्ट्रीय महामार्गांची गाठ आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे नांदेड, देगलूर आणि पुढे तेलंगणात संगारेड्डीकडे जाणारा १६१ क्रमांकाचा रस्ता इथे येतो. नागपूरकडून वर्धा, यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत लातूर-तुळजापूरला निघालेला ३६१ क्रमांकाचा रस्ताही इथेच येतो. दोघे मिळून नांदेडच्या दिशेने जातात. विदर्भातून मराठवाड्यात उतरणारी किती वाहतूक या एका तिठ्यावरून जाते, ते पाहायला इथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं.

फाटा हा शब्दच पाहा. मूळ गाव आत, रस्ता बाहेरून जातो, आणि गावाकडे वाट फुटते तो फाटा. आधी तिथे झाडाखाली एसटीचा थांबा असतो. मग चहाची टपरी, पंक्चरवाला, पानाचा ठेला. त्यामागोमाग कृषी सेवा केंद्र, औषधाचं दुकान, कापडवाला, मोबाइल दुरुस्ती आणि शेवटी बँकेचा ग्राहक सेवा बिंदू येतो. मराठवाड्यातल्या बहुतेक फाट्यांची वाढ याच क्रमाने झाली आहे. परभणी-वसमत रस्त्यावरचा झिरो फाटा, वाशीमच्या वाटेवरचा कनेरगाव नाका, बीडजवळचं मांजरसुंबा ही सगळी वारंग्याची भावंडं.

बाजार पूर्वी असे आपोआप उगवत नसत. मराठी मुलखात पेठ वसवायची तर कौल दिला जाई, सुरुवातीची काही वर्षं करात सूट मिळे, शेटे-महाजन नेमले जात. नुसती शेती असलेलं गाव ते मौजे आणि पेठ असलेलं गाव ते कसबा, हा फरक दप्तरात नोंदलेला असे. कोण व्यापार करतो, वजन-मापावर कुणाची नजर आहे, तंटा कुणाकडे न्यायचा, हे ठरलेलं होतं. निजामाच्या राज्यात हिंगोलीला छावणी होती आणि कापसाचा मोठा बाजारही. म्हणजे व्यापाराच्या जागेला राज्यकर्ते ओळखत होते. फाट्याला मात्र आज ती ओळख नाही. सातबाऱ्यावर तो कुणाचा तरी गट नंबर असतो, जनगणनेत ज्या गावाच्या शिवारात येतो त्या गावाचा भाग, आणि महामार्गाच्या नकाशावर एक जंक्शन.

या फाट्याचं नाव दूरवर पोचवलं ते खिचडीने. नांदेड-हिंगोलीच्या वाटेवर नेहमी फिरणाऱ्याला 'वारंग्याची खिचडी' म्हटलं की जास्त सांगावं लागत नाही. मोठ्या पातेल्यातून उलथन्याने काढलेली, हळदीने पिवळीजर्द झालेली खिचडी ताटलीत पडते, तिची वाफ चष्म्यावर चढते, आणि ट्रकचा क्लीनर, औषध कंपनीचा एमआर, लग्नाच्या वऱ्हाडातली आजी एकाच बाकड्यावर बसून खातात. हळद या भागाची स्वतःची. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात लांबलांबून माल येतो. फाट्याजवळचं डोंगरकडा केळीसाठी ओळखलं जातं. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या कालव्यांनी या पट्ट्यात बागायत वाढवली, बागायतीने हातात पैसा आणला, आणि तो पैसा खर्च करायला जवळची जागा हवी होती. फाट्याच्या दुकानांमागे इतका सरळ हिशेब आहे.

वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांचा अभ्यास करून मांडलं होतं, की कोणत्या वस्तूसाठी माणूस किती लांब जायला तयार होतो, त्यावरून बाजाराची पायरी ठरते. आपल्याकडची कोणतीही गृहिणी हे जर्मन पुस्तकाशिवाय सांगेल. मीठ-मिरची गल्लीतल्या दुकानात, चप्पल आणि मिक्सरचं भांडं फाट्यावर, लग्नाचा बस्ता आणि सोनं नांदेडला. वारंगा फाटा ही मधली पायरी आहे. ती नसेल तर फवारणीच्या पंपाच्या एका वॉशरसाठी शेतकऱ्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात.

अलीकडे या पायरीवर बायकांची वर्दळ वाढते आहे, आणि ही गोष्ट फार मोलाची आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. पूर्वी 'येताना घेऊन या' म्हणून नवऱ्याच्या हाती यादी देणारी बाई आता स्वतः येते, साडीचा पोत बोटांनी चाचपते, भाव करते, नको वाटलं तर उठून पुढच्या दुकानात जाते. बचतगटाच्या हप्त्याचं काम त्याच फेरीत उरकते. या बाईसाठी फाट्यावर काय असायला हवं? बसायला सावलीची जागा, प्यायला पाणी, आणि स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. मराठवाड्यातल्या फाट्याफाट्यांवर या तीन गोष्टींची आबाळ आहे. घरून निघताना पाणी न पिता निघणाऱ्या बायका आपल्या जिल्ह्यात आहेत, याची लाज वाटायला हवी.

ही आबाळ का होते? कारण पैसा डोकी मोजून येतो आणि डोकी रहिवाशांची मोजली जातात. वित्त आयोगाच्या निधीत लोकसंख्येला मोठं वजन असतं. आसपासच्या गावांतली माणसं रोज फाट्यावर येतात, कचरा होतो, सांडपाणी वाहतं, गाड्या लागतात. पण संध्याकाळी ती आपापल्या गावी परततात आणि तिथेच मोजली जातात. भार एका ग्रामपंचायतीवर, निधी मात्र विखुरलेला. नगरपंचायत व्हायचं तर इतर अटींबरोबर किमान दहा हजार लोकसंख्या लागते. जनगणनेत शहर म्हणून नोंद व्हायची तर पाच हजार लोकसंख्या हवी, घनता दर चौरस किलोमीटरला चारशे हवी आणि कामकरी पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. फाट्यावर झोपायला राहणारी माणसं थोडी, म्हणून असा बाजार यांतल्या कुठल्याच चौकटीत सहजी बसत नाही.

त्याहून बोचणारी गोष्ट फेरीवाल्यांची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्याला ओळखपत्र दिलं, समिती दिली, मनमानी हटवण्यापासून संरक्षण दिलं. पण ते शहरी भागात. फाट्यावर केळीचा घड टांगून बसलेल्या माणसाला तो कायदा लागू नाही. त्याच्यासाठी आहे तो २००२ चा राष्ट्रीय महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा, आणि त्यात तो अतिक्रमण करणारा. रस्ता चौपदरी होणं आवश्यकच आहे, तिठ्यावरचे अपघात कुणालाच नकोत. पण रस्ता रुंदावतो तेव्हा मोबदल्याचा मोठा वाटा सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो, आणि वीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात धंदा केलेला शिंपी पुन्हा शून्यावर येतो.

पुढे आणखी मोठे रस्ते येऊ घातले आहेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत हिंगोली जिल्हा आहे आणि जमिनीच्या प्रश्नावरून शेतकऱ्यांचा विरोधही आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं काम सुरू असून त्यातला वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. द्रुतगती मार्गाला फाटा नसतो, ठरावीक ठिकाणी उतरण्याचे रॅम्प असतात. तिथे जागा कुणाला मिळेल, मोठ्या कंपनीच्या फूड प्लाझाला की खिचडीच्या पातेल्याला, हा प्रश्न आखणीच्या टेबलावरच सोडवायला हवा. नंतर मोर्चे काढून तो सुटत नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार मोठा पैसा लागत नाही. जिल्हा परिषदेने अशा फाट्यांची 'बाजार केंद्र' म्हणून वेगळी यादी करावी. फाट्यावर रोज किती माणसं येतात हे एकदा मोजावं आणि त्या आकड्यावर निधी द्यावा. महामार्गाच्या हद्दीबाहेर गावठाण किंवा गायरानात ओट्यांचा मंडईपट्टा काढून आज रस्त्यावर बसणाऱ्यांना तो आधी द्यावा. २०११ नंतरची जनगणना आता होते आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिच्या घरयादीत फाट्यावरची दुकानं आणि त्यांत राबणारे हात नीट नोंदले गेले, तर पुढच्या मागणीला कागदाचा आधार मिळेल.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, आणि १ मे हा ग्रामसभेचाही दिवस. येत्या सभेत फाट्याच्या शिवारातल्या ग्रामपंचायतीने स्वच्छतागृह, गटार आणि मंडईपट्टा हे तीन विषय घ्यावेत, दुकानदारांसोबत बाजाराला येणाऱ्या बायकांनाही बोलू द्यावं, आणि कळमनुरीच्या पंचायत समितीने तो ठराव पावसाळ्याआधी हिंगोलीला पोचवावा.