विश्लेषण : पशुऔषधांची कंपनी शिडाच्या बोटीवर पैसा का लावते?

फ्रान्समध्ये सागरी शर्यतीतील बोटीला बहुधा प्रायोजकाचेच नाव असते. बातमी देताना ते टाळता येत नाही. जाहिरात आपोआप छापून येते. ‘विरबॅक’ या पशुऔषध कंपनीने याचा पुरेपूर लाभ उठवला. तिचे नाविक जाँ-पिएर डिक हे स्वतः पशुवैद्य. २०१२-१३च्या ‘वेंदे ग्लोब’ या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेत ‘विरबॅक-पाप्रेक ३’ची कील, म्हणजे बोट उलटू न देणारे तळाचे वजनदार पाते, अखेरच्या टप्प्यात अटलांटिकमध्ये तुटली. उरलेले सुमारे २६०० सागरी मैल डिक यांनी कीलविना कापले आणि चौथा क्रमांक मिळवला. अशी प्रसिद्धी विकत मिळत नाही.

मात्र डिक हे कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. कर्तबगारीबद्दल शंका नाही. ‘बार्सिलोना वर्ल्ड रेस’ दोनदा जिंकणे वशिल्याने जमत नाही. पण कंपनी पॅरिसच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे, पैसा एकट्या घराण्याचा नाही. घरच्या माणसावर किती खर्च झाला आणि बदल्यात काय मिळाले, हे छोट्या भागधारकालाही सहज दिसायला हवे. औषध पशुवैद्य लिहून देतात. शिडावरचे नाव वाचून कोणी गाईसाठी जंतनाशक मागत नाही.