वाहनाची वाढीव हमी : शुल्काइतकेच अटींनाही मोल

नव्या मोटारीच्या खरेदीत मूळ किंमत, नोंदणी, वाहन कर आणि विमा यांच्या जोडीला आणखी एक रक्कम आता देयकात दिसू लागली आहे. उत्पादकाची मूळ हमी संपल्यानंतर होणाऱ्या बिघाडांचा खर्च उचलण्याचे आश्वासन देणाऱ्या वाढीव हमीची, म्हणजेच व्यवहारातील ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ची, ही रक्कम होय. वाहन ताब्यात घेण्याच्या गडबडीत करारावर स्वाक्षरी होते. त्यातील अटी मात्र पुष्कळदा पहिला मोठा बिघाड झाल्यावरच वाचल्या जातात.

विमा, देखभाल करार आणि वाढीव हमी या तीन भिन्न गोष्टी आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा अनिवार्य आहे. सर्वंकष विम्यात अपघात, चोरी, आग आणि पूर यांमुळे होणाऱ्या नुकसानीचाही समावेश होतो. देखभाल करारात तेल बदलणे, तपासणी यांसारखी ठराविक कामे येतात. वाढीव हमीचे क्षेत्र याहून वेगळे आहे. सामग्रीतील किंवा निर्मितीतील दोषामुळे एखादा भाग निकामी झाला, तर तो दुरुस्त करून अथवा बदलून देणे एवढेच तिचे काम. पावसाच्या पाण्यात शिरलेल्या मोटारीचे इंजिन बंद पडले, तर हा करार सहसा उपयोगी पडत नाही. ही हमी घेणे कायद्याने बंधनकारकही नाही.

करारातील सर्वांत महत्त्वाचा भाग वगळलेल्या बाबींच्या यादीचा असतो. टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब हे वापराने झिजणारे भाग बहुतेक करारांतून वगळलेले असतात. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यंत्रणा आणि वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर या खर्चिक भागांसाठीच या हमीचा खरा उपयोग असतो. त्यांच्यापैकी कोणते भाग समाविष्ट आहेत आणि कारागिराची मजुरी धरली आहे की केवळ सुट्या भागाची किंमत, हे लेखी पाहून घेणे आवश्यक ठरते. भाडोत्री वापराची वाहने अनेक योजनांतून वगळली जातात किंवा त्यांना वेगळ्या अटी लागू होतात.

मुदतीच्या हिशेबातही बारकावा आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये मूळ हमी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर यांवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत वाढवली. अशा मर्यादेत वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल, त्या वेळी हमी संपते. वाढीव हमीने ही मर्यादा पाच वर्षे किंवा एक लाख ४० हजार किलोमीटर झाली, असे मानू. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला त्यातून आणखी दोन वर्षे मिळतात, पण त्या काळात ती केवळ २० हजार किलोमीटर धावते. वर्षाला ४० हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीची मूळ हमी अडीच वर्षांतच संपते. तिला पुढे एकच वर्ष मिळते, मात्र ते पूर्ण ४० हजार किलोमीटरचे असते. शुल्क तेच असले तरी लाभ निरनिराळा आहे. त्यामुळे ग्राहकाने आपला वार्षिक वापर आणि वाहन किती वर्षे ठेवायचे याचा अंदाज आधी बांधणे इष्ट. वाहन विकायचे झाल्यास हमी नव्या मालकाच्या नावे होते का, हा प्रश्नही याच हिशेबात येतो.

हमी देणारा कोण, हा मुद्दा तितकाच निर्णायक आहे. उत्पादक कंपनीने दिलेली हमी सामान्यतः देशभरातील तिच्या अधिकृत केंद्रांत चालते. विक्रेत्याची स्वतःची अथवा त्रयस्थ संस्थेची योजना असेल, तर ती कोणत्या शहरांत मान्य होईल हे विचारावे लागते. बदलीच्या नोकरीनिमित्त पुण्याहून इंदूरला किंवा नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

ग्राहक हमीची खरी किंमत केवळ शुल्कात मोजत नाही. हमी टिकवण्यासाठी प्रत्येक देखभाल ठरलेल्या वेळी आणि अधिकृत कार्यशाळेतच करण्याची अट बहुधा असते. म्हणजे त्या मुदतीत ओळखीच्या, स्वस्त गॅरेजकडे जाण्याचे स्वातंत्र्य सोडावे लागते. या बंधनाचा खर्च देयकावर छापलेला नसतो. पण काही वर्षांत तो हमीच्या शुल्काहून अधिक होऊ शकतो.

याच बंधनाची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली होती. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने आयोगाने १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या हानीपुरतीच ती नाकारावी, असे त्या आदेशाचे तात्पर्य होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिले केली आणि प्रकरण पुढील न्यायप्रक्रियेत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. तथापि, करारातील अटींचे वाचन त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींबाबत गणित आणखी बदलते. अनेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरची हमी मुळातच देतात. तेव्हा सर्वांत महागड्या भागासाठी पुन्हा पैसे मोजले जात नाहीत ना, हे तपासणे अगत्याचे आहे.

वाद उद्भवल्यास २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. तक्रारदाराला आपल्या राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. वस्तू किंवा सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वाजवी कारणाविना करार एकतर्फी संपुष्टात आणण्याची मुभा देणारे कलम अनुचित करारात मोडू शकते. दावा दाखल करण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा मार्गही उपलब्ध आहे. मात्र कोणत्याही टप्प्यावर देखभालीच्या पावत्या, कराराची प्रत आणि दावा नाकारल्याचे लेखी कारण हेच ग्राहकाचे मुख्य पुरावे ठरतात.

वाढीव हमी खरेदीच्या दिवशीच घेतली पाहिजे असे सहसा नसते. अनेक कंपन्या मूळ हमी संपण्यापूर्वी ती घेण्याची मुभा देतात. विलंबाने शुल्क वाढू शकते एवढेच. वाहन दीर्घकाळ वापरणारे आणि तसेही अधिकृत केंद्रातच जाणारे ग्राहक यांना ती लाभदायक ठरू शकते. मूळ हमीच्या मुदतीतच वाहन बदलणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. कराराची प्रत घरी नेऊन शांतपणे वाचण्याची सवड विक्रेता देत नसेल, तर स्वाक्षरी पुढे ढकलणेच श्रेयस्कर.