सतरा नंबरचा अर्ज कुणासाठी?



सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई लग्नानंतर घरीच जोतिरावांकडून शिकल्या, आणि १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला घराबाहेर पडल्या. आज सातारा-सांगलीत मी उलटे ऐकते: मुलाला कॉलेज, मुलीला ‘घरूनच दे परीक्षा’! शाळा सुटलेल्या बाईला सतरा नंबरचा अर्ज आधारच आहे. पण चालती शाळा सोडवून तो भरायला लावू नका. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. एक आई म्हणून सांगते, उत्पन्नाचे, जातीचे दाखले वेळेत काढा. २०२४ पासूनची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी पात्र मुलींनाही कागदांवाचून मिळत नाही. आणि लग्नासाठी साठवलेल्या पैशांचे काय करायचे, ते आधी लेकीला विचारा.